कर्णिक डॉक्टरांनी आणलेले डॉक्टर

हरिहर कर्णिकांना रागवायला फारसं कारण लागत नसे, आणि कल्याणात राहणाऱ्या माणसाला कारणांचा तोटा तरी कुठे होता? नळाला पाणी नाही, टांगेवाले वाटेल ते भाडं सांगतात, पोस्टातला नवा मास्तर माणसाकडे न बघताच बोलतो. ह्या सगळ्यांच्या नावाने भाऊंचा दिवसातून एकदा तरी शंख व्हायचा. भाऊ म्हणजे कर्णिकच. पेशंटपासून न्हाव्यापर्यंत सारं कल्याण त्यांना भाऊ म्हणे. पण त्यांचं पित्त खरोखर खवळायचं ते एकाच गोष्टीने. कल्याणात स्पेशालिस्ट टिकत नाही.

स्वतः भाऊ साधे डॉक्टर. एल.सी.पी.एस. ही त्या वेळची धाकटी पदवी घेऊन पारनाक्याजवळ दवाखाना थाटला, त्याला वीसेक वर्षं झालेली. ताप, खोकला, हगवण, गळू, विंचू, सगळं त्यांच्याकडे. औषध लाल, नाहीतर पिवळं. पण हात गुणाचा, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माणूस विश्वासाचा. मुलीचं स्थळ बघायचं असलं तरी लोक आधी भाऊंना विचारून येत. स्थळाचा आणि औषधपाण्याचा काय संबंध, हे भाऊंना कधी खटकलं नाही. कुणी विचारलं की ते सांगत. सांगायला त्यांना मनापासून आवडायचं.

स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं असेल नसेल, त्या सुमाराला एका शिंप्याची बायको अडली. मूल आडवं. भाऊंनी ते ओळखलं, पण ओळखून करायचं काय? पोट उघडून मूल काढणारा हात कल्याणात एकाचाही नव्हता. भाऊ स्वतः तिला घेऊन मुंबईला निघाले. मुंब्रा मागे पडलं आणि बाई गेली. नवरा समोरच बसला होता. बायको झोपली असं समजून तो तिच्या पायावरचं पांघरूण नीट करत होता, आणि भाऊ ते बघत होते.

त्या दिवशी त्यांनी विडा उचलला. आपापल्या विषयात पारंगत असलेले डॉक्टर कल्याणात आणायचे आणि इथे रुजवायचे. रविवार आला की भाऊ मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत जायचे. नुकता पास झालेला, अजून कुठे न चिकटलेला पोरगा हेरायचा, त्याला चहा पाजायचा, घरदार विचारायचं. उपवर मुलीचा बाप फिरतो तसे ते फिरत. कुणी नाक मुरडलं की परतताना सबंध वाटभर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार.

पहिला सापडला गुरुदत्त बिजूर, डोळ्यांचा. भाऊंनी त्याला ओळखीच्या घरमालकाकडून खोली मिळवून दिली, बाकं करून घेतली, पाटी रंगवून घेतली, सत्यनारायण घातला. एवढ्यावर कुणीही थांबला असता. भाऊ थांबले नाहीत. नवा डॉक्टर, लोकांना त्याची ओळख नको का व्हायला? म्हणून स्वतःचा दवाखाना लवकर आटोपून ते रोज संध्याकाळी गुरुदत्तच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागले.

गुरुदत्त बत्ती धरून डोळा तपासायचा. मोतीबिंदू पिकलाय, काढायला हवा, म्हणायचा. पेशंट ते मुकाट्याने ऐकून घ्यायचा आणि मान वळवून भाऊंकडे बघायचा. भाऊंनी मान डोलावली की म्हणायचा, "मग काढा." भाऊ म्हणाले, थंडी सरू दे, की थंडी सरायची वाट बघायची. पुन्हा लोकांची तक्रार असे की हा डॉक्टर नुसते थेंब देतो, पोटात घ्यायला काहीच देत नाही. त्यांचं समाधान म्हणून भाऊ आपल्याकडची लाल बाटली देत. डोळा बरा झाला की गुण बाटलीचा.

गुरुदत्तने दोन दिवाळ्या काढल्या आणि मुंबई गाठली. निघताना वाकून नमस्कार केला नि म्हणाला, "कर्णिकसाहेब, कल्याणात डॉक्टर एकच आहे." भाऊ हे वाक्य पुढे कितीतरी दिवस अभिमानाने सांगत. पोरगा टिकला नाही, पण गुणग्राहक होता, म्हणत.

मग आला सुधीर टिपणीस. कान, नाक, घसा. त्याचंही तेच. पोराचे टॉन्सिल काढायला घ्यावेत तर पोराची आई म्हणे, "भाऊ आले की सुरू करा." सुधीर गुरुदत्तइतका सोशिक नव्हता. वर्षाच्या आतच त्याने सरकारी नोकरी धरली आणि जाताना नमस्कारही केला नाही.

"ह्यांना सगळं आयतं पाहिजे!" भाऊ घरात येरझारा घालत ओरडत होते. "खोली मी बघायची, पेशंट मी आणायचे, समजूत मी घालायची. आणि हे? मुंबईचं वारं लागलं की चालले! ह्या गावाचं नशीबच फुटकं."

त्यांची बायको मंदाकिनी तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकत ती म्हणाली, "अहो, पण तुम्ही तिथे रोज बसता कशाला? बसू द्या की त्यांना एकटं."

"एकटं? माशा मारत बसतील!"

"चार दिवस मारतील."

भाऊंनी हे कानाआड केलं. बायकोचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं, विचारात घ्यायचं असतं असं नाही, अशी त्या पिढीच्या पुरुषांची समजूत होती, आणि भाऊ काही जगावेगळे नव्हते.

त्रेपन्न साली त्यांना हवं होतं तेच माणूस मिळालं. सुमती चौबळ. ठाण्याची मुलगी, बाळंतपणाच्या विषयात एम.डी. झालेली, आणि कल्याणला यायला आपणहून तयार. भाऊंना आकाश ठेंगणं झालं. रामबागेत चार खोल्या मिळवल्या, खाटा आल्या, ऑपरेशनचं टेबल आलं. शिंप्याच्या बायकोसाठी जे नव्हतं ते सगळं आता होतं. आणि रोज संध्याकाळी भाऊंची खुर्चीही होती.

सुमतीबाई कमी बोलणाऱ्या. तपासायच्या, सांगायच्या, हात धुवायच्या. त्यांचं सांगून झालं की पेशंट बाईची सासू पडद्याबाहेर येऊन भाऊंना विचारायची, "बाई असं असं म्हणतात, करू ना?" भाऊ म्हणत, "करा, करा." सुमतीबाई हे आतून ऐकत. एकदोनदा त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही उगाच त्रास घेता." भाऊंना ते सौजन्य वाटलं.

पुढच्या वैशाखात भाऊ पुतणीच्या लग्नाला ठाण्याला गेले. त्याच सकाळी खाडीकडच्या गावातून गुणाजी आपल्या सुनेला, रतनला, बैलगाडीत घालून घेऊन आला. गुणाजी म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेला शेतकरी. मिठागरावरच्या मुकादमाशी भांडून त्याला पाणी पाजणारा. रतनची पहिलीच खेप, आणि कळा आदल्या दिवसापासून सुरू. सुमतीबाईंनी तपासलं. मूल खाली सरकत नव्हतं आणि त्याचे ठोके मंदावत होते. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पोटातून काढावं लागेल. आत्ता."

"काडा ना बाय, नाय कोन म्हंतो?" गुणाजी म्हणाला. "पन भाऊला येव दे."

"भाऊ ठाण्याला आहेत. तेवढा वेळ नाही."

"उत्तम गेलाय आनायला. आत्ता येतील."

उत्तम म्हणजे रतनचा नवरा. तो गाडीत बसला होता ठाण्याच्या, आणि इकडे भूल द्यायला बोलावलेले डॉक्टर येऊन बसले होते, पाणी उकळून निवलं होतं, हत्यारं फडक्यावर मांडली होती. सुमतीबाई पुन्हा बाहेर आल्या. पुन्हा सांगितलं. मग आवाज चढवून सांगितलं. मग हात जोडले. गुणाजी हलला नाही. त्याला सून नकोशी होती असं मुळीच नव्हतं. त्याचे डोळे भरलेले होते. पण घरातल्या माणसाच्या पोटावर सुरी चालवायची आणि भाऊंना न विचारता? असं त्याच्या सात जन्मात झालं नव्हतं.

भाऊ मांडवात जिलबीचा आग्रह करत होते. उत्तमने कानात सांगितलं तेव्हा ते पंगत अर्धी टाकून तसेच निघाले. रामबागेत पोहोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दारातूनच ते ओरडले, "करा! अरे करा! माझी वाट कसली बघता?"

गुणाजीने ताबडतोब संमतीच्या कागदावर अंगठा उमटवला.

रतन वाचली. मुलगा होता. त्याला उलटा धरला, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली, पण तो रडला नाही.

बाहेर येऊन भाऊंनी गुणाजीला सांगितलं. म्हातारा भाऊंच्या पायांवर डोकं टेकून रडू लागला. "भाऊ, पोर गेला त देवाची मर्जी. पन तुमी आलाव म्हनून माजी सून वाचली."

सुमतीबाई तिथेच मोरीपाशी हात धूत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. भाऊंच्या रेशमी सदऱ्याला अजून लग्नातल्या अत्तराचा वास येत होता.

"गाढवा," ते गुणाजीवर खेकसले, "सकाळीच हो का नाही म्हणालास?"

गुणाजीने आश्चर्याने वर बघितलं. "तुमाला इचारल्याबिगर?"

दुसऱ्या दिवशी सुमतीबाईंनी त्यांना आत बोलावलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं. "भाऊ, उद्यापासून तुम्ही इथे बसू नका. तुम्ही मला जागा दिलीत, खाटा दिल्यात, बायका पाठवल्यात. पण ह्यातली एकही बाई माझी पेशंट नाही. सगळ्या तुमच्या. काल ते मूल त्यानेच गेलं."

भाऊंना संताप आला. घरी येऊन त्यांनी ताट सरकवलं. कृतघ्न, म्हणाले. कालची पोर, म्हणाले. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, म्हणाले. मंदाकिनीने सगळं ऐकून घेतलं आणि ताट पुन्हा पुढे केलं. भाऊंमध्ये दोष पुष्कळ होते, पण लबाडी नव्हती. संताप ओसरल्यावर खाली जे उरलं ते त्यांनी पाहिलं. गुरुदत्त जाताना काय म्हणाला होता, हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि कळल्यावर ते वाक्य त्यांनी पुन्हा कुणाला सांगितलं नाही.

खुर्ची हलली. रामबागेकडे फिरकणंही भाऊंनी सोडलं. विचारायला आलेल्या माणसाला ते दारातूनच परत लावत. "बाईंना विचार! मला विचारलंस तर औषध देणार नाही." लोक आधी बावरले. भाऊंचं आणि बाईंचं फाटलं, अशी कुजबूज झाली. पण बायकांच्या कळा काही कुजबुजीसाठी थांबत नाहीत. हळूहळू निर्वासितांच्या कॅम्पातल्या बायका सरळ रामबागेत जाऊ लागल्या, मग गावातल्या. कुणाची तरी जुळी सुखरूप झाली, कुणाचं पायाळू निघालं. वर्ष-दीड वर्ष गेलं, आणि एक दिवस पारनाक्यावर भाऊंनी एका सासूला दुसरीला सांगताना ऐकलं, "भाऊंना काय विचारायचं त्यात? बाई बोलल्या ना." त्यांच्या काळजात कळ आली, आणि बरंही वाटलं. घरी येऊन त्यांनी मंदाकिनीला ते दोनदा सांगितलं.

आता इथे ही हकिगत संपली असती तर भाऊंचं नाव कल्याणने आदराने घेतलं असतं.

मंदाकिनीला काही महिने अंगावरून फार जात होतं. नवरा डॉक्टर, पण असल्या गोष्टी नवऱ्याला कोण सांगतं? ती आपली आपण सुमतीबाईंकडे जाऊन आली आणि जेवताना म्हणाली, "गाठ आहे म्हणतात. पिशवी काढायला हवी. पुढच्या आठवड्यात करू म्हणाल्या."

भाऊंच्या हातातला घास तसाच राहिला. संध्याकाळी, कितीतरी दिवसांनी, ते रामबागेत गेले. त्यांनी प्रश्नामागून प्रश्न विचारले. गाठ केवढी? भूल कोण देणार? रक्त लागलं तर? सुमतीबाईंनी एकेकाचं उत्तर दिलं. रक्त मुंबईहून आधीच मागवून ठेवू, म्हणाल्या. असली ऑपरेशनं त्यांनी इथेही केली होती आणि त्या बायका चालत्याफिरत्या होत्या. त्यातल्या दोघी तर भाऊंच्याच गल्लीतल्या. भाऊ "बरं" म्हणाले आणि उठले.

घरी येऊन म्हणाले, "आपण मुंबईला जाऊ."

मंदाकिनीने विचारलं, "का?"

"तिथे मोठे सर्जन आहेत. सगळी सोय असते."

"इथली सोय तुम्हीच केलीत ना?"

"अगं, ते वेगळं."

"काय वेगळं? गावच्या लेकीसुना तिच्या हाती दिल्यात. मी काय वेगळ्या मातीची आहे?"

"तू माझी बायको आहेस!" भाऊ ओरडले.

"रतनही कुणाची बायकोच होती."

भाऊंनी तरी बेत बदलला नाही. मंदाकिनीही शेवटी त्या काळची बाई. बोलायचं ते बोलली आणि जायच्या दिवशी लुगड्यांची वळकटी बांधून तयार झाली. टांगा सकाळी सकाळी भर बाजारातून स्टेशनाकडे गेला. भाऊ मान खाली घालून बसले होते. वाण्याने दुकानाच्या फळ्या काढता काढता विचारलं, "भाऊ, वहिनींना कुठे?" टांगेवाल्यानेच उत्तर दिलं, "मुंबईला. आपरेशन हाये." दुपारपर्यंत सगळ्या कल्याणला कळलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं कुणीतरी म्हणालं आणि पुढचं अर्धं हसून सोडून दिलं.

मुंबईला ऑपरेशन झालं ते सुमतीबाईंनी सांगितलं होतं तेच, तसंच. वर तिथल्या सर्जननी विचारलं, "कल्याणला सुमती चौबळ आहे ना? माझ्याच हाताखाली शिकली. तिच्याकडे का नाही केलंत?" भाऊ काहीतरी पुटपुटले. ते काय पुटपुटले हे मंदाकिनीलाही ऐकू आलं नाही.

परत आल्यावर टाके बघायला सुमतीबाई आपणहून घरी आल्या. मंदाकिनीशी हसून बोलल्या, पथ्य सांगितलं. भाऊ दारापर्यंत पोचवायला गेले आणि म्हणाले, "सुमतीबाई, तुम्हाला राग आला असेल. पण घरचं माणूस म्हटलं की..."

"राग नाही हो भाऊ. तुम्ही नवरा म्हणून गेलात, ते मला कळतं. पण गावाने डॉक्टर गेलेला पाहिला."

"मी सांगतो लोकांना."

"नका सांगू. तुमच्या सांगण्यावर आलेली बाई मला पुन्हा नको." त्यांनी पायांत चपला घातल्या. "मी जाणार नाही इथून. तेवढी काळजी करू नका."

त्या गेल्या नाहीत हे खरं. पण रामबागेतल्या खाटा रिकाम्या पडू लागल्या. सोपी बाळंतपणं यायची, अवघड काही निघालं की नातेवाईक म्हणायचे, मुंबईला नेतो. सुमतीबाईंनी नको म्हटलं होतं, तरी भाऊ प्रत्येकाशी हुज्जत घालत. दवाखान्यात, बाजारात, न्हाव्याकडे. अक्कल आहे का तुम्हाला? घरात देव असताना वेशीबाहेर कशाला जाता? लोक हो हो म्हणत. भाऊंना उलट बोलायची रीत नव्हती. ते ऐकून घेत आणि मुंबईला जात.

छप्पनच्या सुगीला गुणाजी दवाखान्यात आला. तांदळाचं गाठोडं कोपऱ्यात ठेवलं आणि बाकावर बसला. रतनला पुन्हा दिवस राहिले होते. सातवा लागला होता.

"सुमतीबाईंकडे नाव घातलंस?" भाऊंनी विचारलं.

"नाय. औंदा मुंबयला नेतंय. परलला मेवना हाय माजा. कला आल्या का निगू."

भाऊ उभेच राहिले. "कळा आल्या की? अरे, पोट एकदा उघडलेली बाई ती. वाटेत आतून फाटलं तर आई नाही की मूल नाही! बाई आहेत ना इथे. त्यांनीच रतनला वाचवलं."

"हाव. बाईचा हात चांगला हाय," गुणाजी म्हणाला. "पन भाऊ..." आणि तो थांबला. पुढचं त्याला भाऊंच्या तोंडावर बोलवेना. तो हाताच्या रेषा बघत बसला.

भाऊंनी रागाने बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण राग आलाच नाही. ते त्याच्या शेजारी बाकावर बसले, पेशंट बसतात तिथे.

"गुणाजी, बाईंना येत नाही म्हणून मी तुझ्या वहिनीला मुंबईला नेलं, असं नाही. मी भ्यालो. दुसरं काही नाही. आपल्या घरचं माणूस टेबलावर जाणार म्हटल्यावर मला धीर झाला नाही."

गुणाजीने मान वर केली. त्याच्या नजरेत चेष्टा नव्हती, राग नव्हता. खरंच विचारायचं म्हणून त्याने विचारलं.

"तुमी डाक्टर आसून भ्यालाव, भाऊ. मंग आमी कशाच्या जिवावर नाय भ्यायचा?"

गुणाजी उठला, दाराशी काढलेल्या वहाणा पायांत घातल्या आणि स्टेशनावर गाडीच्या वेळा विचारायला गेला.